आधी भरलेल्या तारखा

गोंदियातल्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथल्या नव्या सर्व्हरवर मार्च महिन्यातल्या एका दुपारी मी तारखेची सेटिंग बदलली. काम दोन मिनिटांचं. पण ते मी दीड तास उशिरा केलं, आणि त्या दीड तासानं माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण बिघडवलं. तेव्हा तिला पाचवा महिना होता. ती तिरोड्याकडं सासरी होती आणि रोज फोनवर आईकडं कैऱ्या मागत होती.

तिची पोरगी जगली, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला टांगून ठेवायची माझी लायकी नाही. पण त्या दिवसांत ती जगेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि मला तर त्याहून वाईट काहीतरी माहीत झालं होतं.

दवाखान्यात एक जुना खटारा कॉम्प्युटर होता. गरोदर बायकांच्या सगळ्या नोंदी त्याच्यात, शेवटच्या पाळीच्या तारखेसकट, जिच्यावरून बाळंतपणाचा दिवस काढतात. नागपूरची माणसं नवा सर्व्हर बसवून, चहा पिऊन निघून गेली आणि जुन्यातलं सगळं नव्यात भरायचं काम माझ्या अंगावर आलं. सलाईनचे खोके ठेवायची खोली रिकामी करून तिथं एसी लावला होता. अख्ख्या दवाखान्यात मार्चमध्ये थंड अशी तेवढीच जागा, आणि तिची किल्ली माझ्या खिशात. मोठ्या नर्सबाई मला ‘इंजिनिअर साहेब’ म्हणायच्या. मी इंजिनिअर नाही, पण त्यांना कधी तसं सांगितलं नाही.

झालं ते साधं आहे. आपण तारीख लिहितो ती दिवस आधी आणि महिना नंतर. जुन्या कॉम्प्युटरात तशाच तारखा होत्या. नवा सर्व्हर मात्र येतानाच महिना आधी धरून आला होता, आणि कोणी सांगेपर्यंत तो तसंच धरणार होता. मी न सांगताच नोंदी सोडायला सुरुवात केली. पंचवीस नोव्हेंबर आली की सर्व्हर म्हणे, पंचविसावा महिना नसतो, आणि नोंद परत फेकायचा. निम्म्याहून जास्त नोंदी अशा परत आल्या, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सेटिंग शोधून काढली, दिवस आधी असं कायमचं ठरवून दिलं, सर्व्हर बंद करून चालू केला आणि परत आलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा सोडल्या. या वेळी सगळ्या आत गेल्या. मग जुन्यातल्या किती आणि नव्यातल्या किती, ते ताडून बघितलं. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पहिल्या खेपेला ज्या नोंदी आत गेल्या होत्या, त्यांच्याकडं मी ढुंकून बघितलं नाही. त्या सगळ्या एक ते बारा तारखांच्या होत्या. दहा-अकरा म्हणजे दहा नोव्हेंबर. सर्व्हरनं ती अकरा ऑक्टोबर समजून निमूट ठेवून घेतली होती, कारण तशीही तारीख असतेच. माझा हिशेब असा की जे परत आलं नाही ते बरोबर. निम्मं धान एका पायलीनं मोजावं, निम्मं दुसऱ्या पायलीनं, आणि पोती तेवढीच भरली म्हणून हात झटकावेत, तसं मी केलं. त्या दुपारी मी सगळ्या स्टाफला समोसे खाऊ घातले.

इशारे मिळाले नाहीत असं मला म्हणता येत नाही. पंधरा दिवसांच्या आत तपासणीला आलेल्या एका बाईच्या चिठ्ठीवर तेरावा महिना छापून आला. साडेतीन महिन्यांची गरोदर ती. मोठ्या नर्सबाई चिठ्ठी नाचवत माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, दुष्काळात तेरावा महिना ऐकला होता, पोटात पहिल्यांदाच बघून राहिली. आम्ही हसलो. त्यांनी ती तारीख हातानं दुरुस्त केली. आठवड्यानं आणखी एकीची शेवटची पाळी येत्या डिसेंबरात आलेली निघाली. तेव्हाही हसलो, आणि जुन्या ऑपरेटरला दोन शिव्या घातल्या. तो बिचारा नोकरी सोडून गेला होता, त्याच्या नावावर काहीही खपत होतं.

ज्या तारखा आठ-दहा महिन्यांनी हुकल्या, त्या अशा हसण्यावारी सुधारल्या गेल्या. ज्या एकाच महिन्यानं हुकल्या त्या कोणाला दिसल्या नाहीत. आज त्या हसण्याची आठवण आली की मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

बहिणीची तारीख त्या दुसऱ्या जातीची होती.

आमचं गाव आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजूला. दिवाळी सरली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, दुपारी दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक, आणि लग्न होऊन गेलेल्या पोरी त्या दिवशी माहेरी येणारच. त्या वर्षी आमची मंडई दहा नोव्हेंबरला होती. बहीण लग्नानंतर पहिल्यांदाच मंडईला आली आणि त्याच सकाळी बाहेर बसली. आमच्या घरात हे अजून पाळतात. घरभर पाहुणे, आणि ही मागच्या पडवीत चटईवर. कशाला हात लावायचा नाही, कोणात मिसळायचं नाही. नवी साडी पेटीतच राहिली म्हणून रडली, दंडार बघायलाही गेली नाही. मी तिला लांबूनच भज्यांचा पुडा दिला आणि म्हणालो, बरं झालं, पावण्यांची भांडी घासायची वाचली. तिनं पुडा माझ्याच अंगावर फेकला. म्हणजे तो दिवस आईला माहीत होता, बहिणीला माहीत होता, पाहुण्यांना माहीत होता आणि मलाही माहीत होता.

पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि भाऊ दवाखान्यातच, म्हणून जानेवारीत तिचं नाव आमच्याकडं घातलं. मोठ्या नर्सबाईंनी कार्डावर स्वतःच्या हातानं शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आणि खाली बाळंतपणाची. पुढं नवा सर्व्हर आल्यावर मीच एक टूम काढली: हातानं लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही, तर सर्व्हरमधून तारखांची छापील पट्टी काढायची आणि जुन्या अक्षरावर चिकटवून टाकायची. सगळ्यांना आवडली. एप्रिलमध्ये बहिणीच्या कार्डावर पट्टी मी माझ्या हातानं चिकटवली, कडा नखानं दाबून. बाळंतपणाची तारीख अठरा जुलै.

जूनमध्ये ती माहेरी राहायला आली. ती पट्टी बघून आई पहिल्यापासून कुरकुरत होती. आईला लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण बोटांच्या पेरांवर महिने मोजायला तिला कोणी हरवू शकत नाही. ती म्हणायची, पोळ्याच्या आगंमागं होईल, आत्ता कुठं. मी म्हणायचो, आई, तुझा पोळा ठेव बाजूला, सगळं सर्व्हरमध्ये आहे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकत आलोय.

अठरा जुलै आली आणि गेली. कळा नाहीत, काही नाही. गावात धानाची रोवणी जोरात चालू होती, बाबा चिखलातून घरी यायचे आणि आधी तिच्याकडं बघायचे. वीस तारखेला रोवणीच्या बाया तशाच सोडून आई बहिणीला घेऊन दवाखान्यात आली. मी माझ्या खोलीतून उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. भाऊ म्हणून गेलो होतो, पण तिथं सगळे मला कॉम्प्युटरवाला म्हणूनच ओळखत होते.

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, पुन्हा केली. आधीच्या वेळी बाळ थोडं मागं आहे असं त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांच्या कपाळावर आठी दिसली. बाळाची वाढ छत्तीस आठवड्यांची दिसते आणि दिवस तर भरून गेलेत, म्हणजे पोटात बाळाला पुरत नाहीये, असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. अशा बाळाला आत ठेवणं धोक्याचं असतं. मग त्या थांबल्या आणि पडद्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, "पाळीची तारीख पक्की आहे ना?"

बहिणीनं मान खाली घातली आणि आईकडं बघितलं. आई म्हणाली, "तारीख-बिरीख मले समजत नाई बाई. पन मंडईच्या दिवशी हे..." आणि माझ्याकडं बघून अडखळली.

खोलीत एक वॉर्डबॉय होता, एक औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन उभा होता. माझे कान तापले. बहिणीच्या पाळीची गोष्ट आई चारचौघांत, माझ्यासमोर बोलणार, हे मला सहन झालं नाही. त्यात ती मंडई आणि पोळा असलं काहीतरी डॉक्टरबाईंना सांगणार, म्हणजे माझी शोभा. यातलं कोणतं कारण मोठं होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पक्की आहे मॅडम," मी म्हणालो. "सिस्टिममधली आहे. मी स्वतः भरलीय."

आईनं तोंड मिटलं. शिकलेला पोरगा बोलला की ती असंच करते. बहिणीनं काही म्हणायला ओठ हलवले होते का, हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. मी तिच्याकडं बघतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. मुलगी. अडीच किलोसुद्धा भरली नाही. रडली, पण मांजराच्या पिलासारखी, आणि मग तिची छाती आत ओढली जायला लागली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. मी काचेबाहेर उभा राहून तिच्या बरगड्या मोजत होतो. आई जिन्यात बसून राहिली. तिनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही, आणि मला त्याचंच भय वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी बहिणीची सासू आली. ती वाईट बाई नाही, पण जे वाटेल ते तोंडावर बोलते. आमच्या घरी होती तोवर अंग धरून होती, माहेरी येऊन पोट सुकवलं, असं ती बहिणीच्या खाटेपाशी उभी राहून म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. बहिणीला ते खरंच वाटलं. तिला दुधाचा वास सहन होत नसे, पेले मागच्या दारी ओतून द्यायची. तेच तिनं धरून ठेवलं. टाक्यांची कळ दाबत उठून बसायची आणि आईनं आणलेले मेथीचे लाडू एकामागून एक कोंबायची, जणू आता खाल्लेलं मागं पोहोचणार होतं. मी तिला म्हणालो, असं नसतं गं. कसं असतं ते मलाही माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मोठ्या नर्सबाई पेटीतल्या पोरीचं अंग पुसत होत्या. तीस वर्षं त्या पोरं बघत आल्यात. पुसता पुसता थांबल्या आणि मला जवळ बोलावलं. पोरीच्या खांद्यांवर, पाठीवर बारीक मऊ लव होती.

"दिवस भरलेल्या पोट्टीच्या अंगावर एवढी लव नसते, साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे वाळलेली नाई. हे कच्ची आहे."

मला आधी राग आला. मग आईचं पेरांवर मोजणं आठवलं. मी बहिणीच्या उशाखालून तिचं कार्ड घेतलं आणि माझ्या थंड खोलीत जाऊन कडी लावली. जुलैच्या दमटपणानं पट्टीची एक कड सुटली होती. मी ती ओढली. खाली नर्सबाईंचं निळं अक्षर होतं, दहा-अकरा, आणि त्याखाली सतरा ऑगस्ट. मग सर्व्हरवर बहिणीची नोंद उघडली. तिथं अकरा ऑक्टोबर होती. अकरा ऑक्टोबरला ती सासरी होती. मंडई दहा नोव्हेंबरला होती, आणि ती पडवीत चटईवर होती.

त्यानंतर मी जे करायला हवं ते केलं. मार्चमध्येच ते केलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. त्या दुपारी पहिल्या खेपेत शिरलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या, त्यातल्या अजून बाळंत न झालेल्या बायका वेगळ्या काढल्या. तारीख एकाच महिन्यानं हुकलेल्या सात जणी निघाल्या. यादी घेऊन मी डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. यादी वाचली, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि फोन उचलला. त्या नावाची बाई वरच्याच मजल्यावर होती, दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेली. तिला सांगून घरी पाठवलं. पाच जणींपर्यंत गावोगावच्या आशाताई पोहोचल्या. सातवी नवऱ्याबरोबर कामाला बाहेरच्या राज्यात गेली होती आणि तिचा फोन बंद होता. तो मी अजूनही अधूनमधून लावून बघतो.

मी निघालो तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी तुम्हीच सांगा. त्यांचा आवाज साधाच होता, पण परत त्यांच्या खोलीत जायला मला पुढं कित्येक दिवस धीर झाला नाही.

वॉर्डात आई दुपट्यांच्या घड्या करत होती. बहीण भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लाडवाचा डबा. मी खाटेच्या कडेला बसलो आणि सांगितलं. जुना कॉम्प्युटर, नवा सर्व्हर, दिवस आधी, महिना आधी, सगळं. दोघींना त्यातलं फारसं कळलं नसेल. मग मी म्हणालो की पोरीचे दिवस भरलेच नव्हते, ती सतरा ऑगस्टची होती.

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. बहिणीनं डबा बाजूला ठेवला. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"म्हंजे माह्या पोटात ते बराबर वाढून राहिली होती?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"तिले काईच कमी पडत नोयतं?"

मी नाही म्हणालो. ती रडली, पण ते ऑपरेशनच्या दिवसापासून चाललेलं रडणं नव्हतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि सासूला लावायला सांगितलं. आवाज मोठा ठेव म्हणाली, सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे. शेजारच्या तिन्ही खाटांवरच्या बायका आमच्याकडं बघत होत्या.

मी फोनवर बोललो. चांगलं बोललो, समजावून सांगितलं. मशीननं तारीख उलटी घेतली, सर्व्हरमध्ये गडबड झाली, पोर पोटात धडधाकट होती, तुमच्या सुनेचा यात काही दोष नाही, खाण्यापिण्याचा दोष नाही. सर्व्हर हा शब्द मी चार-पाच वेळा तरी वापरला असेल. प्रत्येक वेळी मला जरा हलकं वाटत होतं.

पलीकडं कुठंतरी कोंबड्यांना हाकलत असल्याचा आवाज येत होता. मग सासूचा आवाज आला, नेहमीसारखा चढा नाही.

"मंग कापाच्या आधी डाक्टरीनबाईनं कोनाले काई इचारलं नाई का जी?"

बहीण माझ्याकडं बघत होती. आई खाली बघत होती, अजूनही मला वाचवत होती.

"विचारलं होतं, मावशी," मी म्हणालो. "मलाच विचारलं होतं. आई सांगत होती. मी तिला सांगू दिलं नाही."